उशिरा जन्मलेल्यांचा अधिकार

पश्चिम जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष गुस्ताव हाइनेमान आणि हाम्बुर्गचे उद्योजक कुर्ट क्योर्बर यांनी १९७३ साली शालेय विद्यार्थ्यांसाठी जी इतिहास-स्पर्धा सुरू केली, तिचा पहिला विषय १८४८-४९ची क्रांती हा होता आणि त्याने कोणाची झोप उडण्याचे कारण नव्हते. परंतु १९८०-८१ साली नाझी राजवटीतील दैनंदिन जीवन हा विषय दिला गेला, आणि मुलांनी आपल्याच गावची दप्तरे उघडावीत व वृद्धांशी बोलावे हा स्पर्धेचा आग्रह असल्यामुळे निबंधाचे रूपांतर चौकशीत झाले. बव्हेरियातील पासाऊ या कॅथलिक शहरात आना रोस्मुस हिने असा शोध आरंभला, तेव्हा कागदपत्रे पाहण्यासाठी तिला न्यायालयात जावे लागले आणि धमक्याही सोसाव्या लागल्या.

त्या काळी जो जन्मलाच नव्हता, त्याला त्या काळच्या माणसांचा न्याय करता येतो काय? तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या अपराधविषयक विवेचनात, जे आधी हायडेलबर्गच्या विद्यार्थ्यांपुढे व्याख्यानरूपाने मांडले गेले होते, दोषाचे चार प्रकार वेगळे केले आहेत: कायदा मोडल्याचा दोष न्यायालयापुढे येतो, नागरिक म्हणून वाट्याला येणारा राजकीय दोष जेत्यापुढे, नैतिक दोष स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीपुढे, आणि इतर मारले जात असता आपण जिवंत राहिलो एवढ्यानेच जो चिकटतो, तो अतिभौतिक दोष केवळ ईश्वरापुढे. या चारही न्यायासनांवर सोळा वर्षांच्या मुलाला जागा नाही. मात्र नैतिक दोषाविषयी एक फट यास्पर्स मोकळी ठेवतात, ती अशी की आपल्या आत्म्याची काळजी वाहणाऱ्या जवळच्या माणसाशी त्याबद्दल बोलणे शक्य असते. आणि नातवंडाइतके जवळचे दुसरे कोण?

बायबलमध्येही या बाबतीत एकवाक्यता नाही. निर्गमाच्या पुस्तकात पित्याच्या पापाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत घेतला जातो, तर यहेज्केल संदेष्टा पुत्राला त्या भारातून स्पष्टपणे मुक्त करतो. चॅन्सेलर हेल्मुट कोल यांनी १९८४ साली इस्राएलमध्ये उच्चारलेला 'उशिरा जन्मल्याची कृपा' हा शब्दप्रयोग यहेज्केलच्या बाजूचा वाटतो खरा, पण कृपा ही धर्मशास्त्रात न मागता मिळालेली देणगी असते, चौकशीतून सूट नव्हे.

हाइनेमान यांची स्वतःची भूमिका येथे अधिक बोलकी आहे. नाझींच्या धार्मिक हस्तक्षेपाला विरोध करणाऱ्या 'कबुलीच्या चर्च'मध्ये ते सक्रिय होते, तरीही ऑक्टोबर १९४५मध्ये श्टुटगार्ट येथे परदेशी चर्चच्या प्रतिनिधींपुढे मांडलेल्या अपराधाच्या कबुलीवर त्यांची सही आहे. त्या कबुलीतील प्रथमपुरुषी अनेकवचन जर्मनमध्ये एकच असले, तरी मराठी भाषांतरकाराला निवड करणे भाग पडते: पाहुण्यांपुढे उभे राहून म्हटलेले ते 'आम्ही' होते. आजोबांसमोर वही घेऊन बसलेल्या मुलीला मात्र 'तुम्ही काय केलेत' आणि 'आपल्या गावात काय झाले' यांतून एक प्रश्न निवडावा लागतो, आणि दुसऱ्या प्रश्नातील 'आपल्या'मध्ये ती स्वतःही येते.