समजूतदारांची पंचाईत

आमच्या साताऱ्यात पूर्वी कुत्रा कोणी पाळत नसे, कुत्रा असे. आळीत जसा पिंपळ असतो, सार्वजनिक नळ असतो आणि सगळ्यांशी भांडणारा एक पेन्शनर असतो, तसा एक कुत्रा असे. त्याला मोत्या किंवा वाघ्या असं नाव असे, मालक नसे. सकाळी एका घरची शिळी चतकोर, दुपारी दुसऱ्या घरचं खरकटं आणि रात्री तिसऱ्याच्या ओट्यावर मुक्काम, असा त्याचा संसार चाले. त्यामुळे ‘आपण गावाला गेलो तर कुत्र्याचं काय?’ हा प्रश्न शनिवार पेठेत कधी कोणाला पडला नाही. एक घर सुट्टीला कोकणात गेलं तरी बाकीची आळी जागेवर असायची. अख्खी आळी एकदम महाबळेश्वरला गेल्याचं काही माझ्या ऐकिवात नाही. सातारकर मुळात महाबळेश्वरला जातच नाही. तो पाहुण्यांना घेऊन जातो.

कुत्र्याशी बोलायला आपल्याकडे शब्दही एकच. ‘हाड!’ गंमत पाहा, ज्या वस्तूवर कुत्र्याचा सगळ्यांत जास्त जीव, तिचंच नाव घेऊन आपण त्याला हाकलतो. मराठी कुत्र्याच्या मनाचा थोडा गोंधळ उडालेला दिसला तर दोष त्याचा नव्हे, भाषेचा.

हे सगळं सांगायचं कारण, आमच्या पुतण्याने कुत्रा पाळला आहे. तोही फ्रँकफुर्टला. पुतण्या साताऱ्याचा, सूनबाई सांगलीची, आणि दोघंही गेली कित्येक वर्षं जर्मनीत. कुत्रा तिथल्या प्राण्यांच्या अनाथाश्रमातून आणलेला. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा पुतण्याचं म्हणणं, ‘कंदी’ ठेवू, म्हणजे साताऱ्याच्या पेढ्याची आठवण राहील. सूनबाई म्हणाली, रंग बघ, ते शेंगदाण्यासारखे ठिपके बघ. हा सरळसरळ भडंग आहे. सांगली जिंकली. लग्नानंतरच्या सातारा-सांगली सामन्यांचा निकाल सहसा असाच लागतो. आता शेजारची एक जर्मन आजीबाई त्याला अतिशय आदराने ‘हेर भाडांग’ म्हणते.

भडंगची तिथली इतमामाची राहणी ऐकून आम्ही थक्क होतो. त्याच्या नावाने नगरपालिकेत दर वर्षी कर भरावा लागतो. रेल्वेने जायचं तर मोठ्या कुत्र्याचं तिकीट काढावं लागतं आणि ते काढलं की तो माणसांच्या डब्यात, मालकाच्या पायाशी बसून जातो. आपल्याकडे कुत्र्याला एक तर गार्डाच्या डब्यातल्या पेटीत बसावं लागतं, नाही तर त्याच्यापायी पहिल्या वर्गाची अख्खी कुपे राखून ठेवावी लागते. म्हणजे आपल्या रेल्वेच्या मते कुत्रा एक तर सामान असतो किंवा संस्थानिक असतो. दुसऱ्या वर्गाने जाणारा मध्यमवर्गीय कुत्रा तिला मंजूर नाही.

पण खरा पेच आला तो दिवाळीला. तीन आठवडे घरी यायचं ठरलं, आणि भडंगचं काय करायचं यावर दोन महिने खल चालला. बरोबर आणावा तर लस, कातडीखाली चिप, इकडे उतरायला सरकारचा ना-हरकत दाखला, आणि परत युरोपात शिरता यावं म्हणून रेबीजची लस अंगी लागली की नाही हे पाहणारी रक्ताची चाचणी. शिवाय विमानाच्या पोटात पिंजऱ्यातून प्रवास. तिथेच ठेवावा तर कुत्र्यांचं वसतिगृह असतं. त्याचा प्रवेशअर्ज सूनबाईने फोनवर वाचून दाखवला. जेवतो किती वाजता? झोपताना दिवा लागतो का? फटाक्यांना भितो का? अनोळखी माणसाच्या हातून खातो का? एकटा राहिला की रडतो का?

आमच्या वहिनी, म्हणजे पुतण्याच्या आई, शांतपणे ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, “भावोजी, मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा यातलं एक अक्षर मला कोणी विचारलं नव्हतं हो.” मग वाती वळता वळता म्हणाल्या, “शेवटचं तर अजून कोणी विचारलेलं नाही.”

दादा जाऊन सहा वर्षं झाली. वहिनी एकट्याच असतात.

वसतिगृहाचा प्रयोग एक दिवस करून पाहिला. भडंग जेवला नाही, पाणी प्याला नाही, दाराकडे तोंड करून बसून राहिला. संध्याकाळी त्याला घरी आणलं आणि तोडगा निघाला: दोघांनी एकदम यायचं नाही. एका वर्षी पुतण्या येईल, दुसऱ्या वर्षी सूनबाई. तेव्हापासून आमच्याकडे दर दिवाळीला अर्धं जोडपं येतं. पहिल्या वर्षी पाडव्याला सूनबाईने फ्रँकफुर्टमध्ये मोबाईल पाटावर उभा करून साताऱ्यातल्या नवऱ्याला ओवाळलं. निरांजन जरा जवळ गेलं आणि नवऱ्याचा चेहरा काळा पडला. ओवाळणी मात्र बँकेतून तत्काळ जमा झाली. सांगलीला जावई एकटाच गेला. विहीणबाईंनी पुरणपोळी केली, त्यावर तुपाची धार धरली, पण वाढताना त्यांची नजर दाराकडेच होती.

यावर नातेवाइकांनी निकाल देऊन टाकला: “कुत्र्यापायी आईबापांना टाकलं!” हा निकाल द्यायला फार सोपा आहे, म्हणूनच मला तो संशयास्पद वाटतो. कुत्रा आधी की आई आधी, असा प्रश्न विचारला की उत्तर कोणीही देईल. पण आयुष्य असा सरळ प्रश्न विचारतं कुठे? शिवाय कायद्याचं पुस्तक उघडलं तर क्रम थोडा निराळाच दिसतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये म्हणून कायदा झाला १९६० मध्ये. प्राणिमात्रांवर दया करणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरलं १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने. आईवडिलांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी खास कायदा व्हायला मात्र २००७ साल उजाडलं. जर्मनांनी प्राण्यांचं रक्षण आपल्या घटनेत घातलं २००२ मध्ये, म्हणजे भूतदयेत आपण त्यांच्या २६ वर्षं पुढे. निदान छापील भूतदयेत.

आणि कुत्र्याचे लाड हे काही परदेशी खूळ नव्हे. साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब, माहुलीच्या बाजूला. तिथल्या कृष्णा-वेण्णेच्या संगमावर छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे, आणि त्यांच्या खंड्या कुत्र्याचीही. शिकारीत वाघ अंगावर येत असता खंड्याने महाराजांना वाचवलं आणि महाराजांनी त्याला इनाम देऊन पालखीचा मान दिला, असं सांगतात. ज्या काळात भल्याभल्या सरदारांची हयात पालखीची वाट पाहण्यात सरायची, त्या काळात! दरबारात तेव्हा किती जणांनी ‘कुत्र्यापायी आम्हाला टाकलं’ म्हटलं असेल, कल्पना करा.

तिकडे फ्रँकफुर्टमध्ये शोपेनहाउअर नावाचा तत्त्वज्ञ १८३३ पासून १८६० मध्ये मरेपर्यंत राहिला. उपनिषदांवर त्याचा जीव. माणसांशी त्याचं फारसं जमत नसे, पण पूडल जातीचा कुत्रा सदैव बरोबर. त्याचं नाव ‘आत्मा’. एक कुत्रा गेला की तो दुसरा आणी आणि नाव तेच ठेवी. देह बदलतो, आत्मा तोच, हा सिद्धान्त इतक्या सोप्या रीतीने आमच्या कीर्तनकारांनीही कधी समजावला नाही.

पण माझ्या मनातला गुंता सोडवला तो ना महाराजांनी, ना तत्त्वज्ञाने. तो सोडवला सांगलीच्या व्याह्यांनी, तेही नकळत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. व्याही गावभागात राहतात. खालचा मजला पाण्यात गेला, दोघं माडीवर. त्यांच्या जिन्यात आळीतला एक कुत्रा येऊन बसला होता. व्याही म्हणजे निवृत्त हेडमास्तर. तीस वर्षं त्यांनी वर्गात मुलांना ‘गप्प’ आणि दारात कुत्र्यांना ‘हाड’ याखेरीज काही म्हटलेलं नाही. तिकडून सूनबाईचा फोन आला, “बाबा, मी निघू का?” व्याही म्हणाले, “अजिबात नको. पाणी ओसरतंय. आम्ही ठीक आहोत.” त्या वेळी पाणी चढत होतं. सूनबाईचा जीव भांड्यात पडला, ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी बोट आली. विहीणबाई बसल्या. व्याही जिन्यातच उभे. बोटीवरचा जवान म्हणाला, “चला काका, कुत्र्याला नंतर बघू.” त्यावर व्याही जे बोलले, ते विहीणबाईंनी आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, “अहो, पोरीला सांगितलं येऊ नको, तिला समजलं. बायकोला सांगितलं पुढे हो, तिला समजलं. याला मी कुठल्या भाषेत सांगू, की बाबा रे, पाणी ओसरलं की येतो?” जवानाने घटकाभर त्यांच्याकडे पाहिलं आणि कुत्र्याला मानगूट धरून बोटीत घेतलं. सगळा रस्ता तो हेडमास्तरांच्या मांडीवर बसून होता.

मला वाटतं, सगळी मेख इथे आहे. भडंगसाठी दोघं जण एवढा आटापिटा करतात तो त्यांना आईपेक्षा कुत्रा प्यारा म्हणून नव्हे. ‘तीन आठवड्यांनी येतो’ हे त्याला सांगता येत नाही म्हणून. आपण दाराबाहेर पडलो की त्याच्या लेखी आपण कायमचे गेलो. त्याच्या हिशेबात पुढची दिवाळी नाही. जो समजू शकत नाही त्याच्यासाठी आपण थांबतो, आणि इथवर मला काही चूक दिसत नाही. चूक पुढे होते. जो समजू शकतो, त्याला आपण थांबवून ठेवतो. एकदा, दोनदा, मग दर वर्षी. ‘आई समजूतदार आहे’ हे वाक्य कौतुकाचं वाटतं, पण बहुतेक वेळा ते आईला रांगेत शेवटी उभं करण्यापूर्वी म्हटलेलं असतं. समजूतदारपणा हा एकच असा सद्गुण आहे, की ज्याचं बक्षीस म्हणून माणसाला आणखी समजून घ्यायला मिळतं.

इथे तुम्हाला धर्मराज आठवला असेल. महाप्रस्थानिक पर्वातली त्याची गोष्ट आपण सांगतो ती शेवटाकडून: स्वर्गाच्या दारात इंद्र रथ घेऊन आला, कुत्र्याला नेता येणार नाही म्हणाला, तेव्हा युधिष्ठिराने स्वर्ग नाकारला. पण त्याआधी वाटेत द्रौपदी पडली, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम पडले. प्रत्येकाच्या पडण्याचं कारण सांगून हा गृहस्थ पुढे चालत राहिला. इंद्रानेही नेमकं हेच काढलं: बायको आणि भाऊ सोडलेस, मग कुत्रा का सोडवत नाही? आमच्या नातेवाइकांचाच प्रश्न, फक्त संस्कृतात. युधिष्ठिराचं उत्तर विचार करण्यासारखं आहे. तो म्हणाला, ते मेले होते, त्यांना परत आणणं माझ्या हाती नव्हतं. जिवंतपणी मी त्यांना सोडलं नाही.

जिवंतपणी! या एका शब्दात सगळा न्याय आला. कुत्रा आणि आई यांत निवड करायची नाहीच. दोघंही जिवंत आहेत तोवर दोघांचंही येणं लागतं. कुत्रा आपलं येणं दारात बसून वसूल करतो, आई ते सोडून देते, एवढाच फरक. सोडून दिलेलं देणं फिटलेलं नसतं, हे कोणीही सावकार सांगेल.

तेव्हा माझी सूचना दोन्ही बाजूंना आहे. मुलांनी ‘आम्ही ठीक आहोत’ हे उत्तर न मानता ती आणखी एक प्रश्न विचारण्याची जागा मानावी. आणि समजूतदारांनी अधूनमधून भडंगसारखं दाराकडे तोंड करून बसायला शिकावं. रोज नव्हे. रोज बसलं तर त्याला हट्ट म्हणतात आणि पोरं यायची बंद होतात. पण तीन वर्षांतून एकदा ताटाला हात न लावण्याचा अधिकार प्रत्येक आईबापाला असला पाहिजे.

यंदा ही सूचना मी फोनवरून फ्रँकफुर्टला कळवली. ‘हेर भाडांग’ म्हणणाऱ्या आजीबाईंनी तीन आठवडे भडंगला सांभाळायचं आपण होऊन कबूल केलं आहे. तो त्यांच्याकडे जेवतो, ही रंगीत तालीमही झाली. सूनबाईने तेवढ्यावर न थांबता वसतिगृहाच्या अर्जातला तो शेवटचा प्रश्न सातारा आणि सांगली, दोन्हीकडे लेखी पाठवला: एकटं राहिलं की रडता का? उत्तरं आली आहेत. वहिनींनी ‘हो’ एवढंच लिहिलं. हेडमास्तरांनी चार पानं भरून ‘नाही’ असं कळवलं. दोन्ही उत्तरांचा अर्थ एकच आहे हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण या वेळी तिकिटं दोन काढली आहेत.