कोण कोणाच्या घरात?

अमेरिकेतले निम्म्याहून जास्त तरुण आईवडिलांकडे राहतात, म्हणजे एकत्र कुटुंबाचं मोल आता पाश्चात्त्यांनाही कळलं, असं एका व्याख्यानमालेत नुकतंच ऐकलं. टाळ्याही पडल्या. हा ५२ टक्क्यांचा आकडा प्यू रिसर्च सेंटरचा, जुलै २०२०चा, १८ ते २९ वयोगटाचा. करोनाने कॉलेजं बंद पाडली होती, नोकऱ्या घालवल्या होत्या. मुलं नाइलाजाने परतली होती. शिवाय हा आकडा ज्या सरकारी पाहणीतून आला, तिच्यात वसतिगृहातला अविवाहित विद्यार्थीही आईवडिलांच्याच घरात धरतात. आपल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत मात्र वसतिगृहातला प्रत्येक विद्यार्थी म्हणजे एकट्याचं वेगळं कुटुंब! असे आकडे शेजारी ठेवून संस्कृतीचा निवाडा करणं हा बेजबाबदारपणा आहे, आणि तो तरुणांच्या मुळावर येतो.

रोहा तालुक्यातलं खांब घ्या. मुंबई-गोवा महामार्गावर, नागोठणे आणि कोलाडच्या मधलं गाव. इथला एखादा मुलगा धाटावच्या रासायनिक कारखान्यात पाळीवर जातो. पाळी सुटली की घरी येतो. घराच्या कर्जाचा हप्ता, बहिणीची फी, वडिलांची औषधं त्याच्या पगारातून. तक्त्यात तो ‘आईवडिलांकडे राहणारा’. त्याच्या वर्गातला दुसरा नवी मुंबईतल्या घणसोलीत चौघांत खोली करून राहतो. घरून तांदळाची गोण जाते, महिनाअखेरीस पैसेही. तक्त्यात तो स्वतंत्र. कोण कोणाला पोसतो, हे छपरावरून कसं कळणार?

मला इथे समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाईंचा आधार वाटतो. सौराष्ट्रातल्या महुवा गावातल्या कुटुंबांवरचं त्यांचं पुस्तक १९६४ साली आलं. एकाच घरात राहणं ही एकत्रपणाची कसोटी त्यांनी पुरेशी मानली नाही. मालमत्ता, मिळकत, अडीअडचणीला धावून जाण्याचं बंधन यांवरून त्यांनी नाती तपासली, आणि वेगळी दिसणारी घरं आतून बांधलेली निघाली. आमच्याकडे याची उलटी बाजूही दिसते. लग्नानंतर मुलगा मागच्या पडवीत शेगडी मांडतो, रेशनकार्ड वेगळं करून घेतो. जनगणना स्वयंपाकघर पाहते, म्हणून एका छपराखाली दोन कुटुंबं. सातबारा मात्र सामाईक, आणि लावणीला सगळे एकाच खाचरात.

तरीही देसाईंपाशी थांबता येत नाही. मुलगी पंचविशीत आईवडिलांच्या घरात नसते, कारण ती सासरी गेलेली असते. तक्ता तिला ‘घर सोडलेली’ म्हणतो. मालमत्ता आणि मिळकत यांच्या हिशेबातही तिचं नाव बहुधा येत नाही, कारण जमीन नावावर नाही आणि श्रमाला पगार नाही. म्हणून केवळ छप्पर सोडून पैशाकडे वळणंही अपुरं आहे. घरातले निर्णय कोण घेतं, हे विचारल्याशिवाय स्वावलंबनाबद्दल बोलूच नये.

कोण कुठे मोजला जातो, यावरही आकडा ठरतो. २०११च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या. याचं मोठं कारण म्हणजे कोकणातले पुरुष मुंबईत मोजले गेले. हा आकडा खोटा नाही. वाचणारा अर्धवट असला की खोटा होतो.

फेब्रुवारी २०२७मध्ये प्रगणक पुन्हा दारात येतील. रेशनकार्डावर नाव आहे म्हणून मुंबईतल्या मुलाला गावच्या घरात लिहवू नका. तो जिथे राहतो तिथे त्याची नोंद होऊ द्या. पडवीत चूल वेगळी असेल, तर तेही स्पष्ट सांगा.