दया कोणाच्या पदरची?

पाखराने उभ्या शेतातले धान खाल्ले, तर ती चोरी म्हणावी की त्याचा वाटा? सज्जनहो, प्रश्न लहान दिसतो, पण त्याने आमची एक रात्र झोपेवाचून गेली.

गोंदियाकडे तलावांच्या मुलखात भाद्रपदात आमचे कीर्तन होते. भूतदयेचे निरूपण रंगात आले आणि आम्ही बोलून गेलो, "बाबांनो, पाखरांना हाकलू नका, त्यांचाही वाटा आहे." माना डोलल्या. आरती झाल्यावर एक म्हातारा शेतकरी पाया पडला आणि हळूच म्हणाला, "महाराज, बांधी माझी, धान माझं, पुन्य मात्र तुमच्या नावानं. तुमचं काय गेलं?" आम्हांला उत्तर सुचेना.

सकाळी त्यानेच आम्हांला शेतावर नेले. रोवणी झालेल्या बांधीत, पाण्याच्या मधोमध, काड्यागवताचा एक ढीग आणि त्यावर सारस बसलेला! पुरुषभर उंचीचा हा पक्षी महाराष्ट्रात आता बहुतेक गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरला आहे, तोही फार थोडा. मादी बहुधा 2 अंडी घालते. नर-मादी आळीपाळीने महिनाभर ती उबवतात. घरट्याभोवतीचे धान मोडले होते. तेवढ्या जागेत म्हाताऱ्याने फवारणी केली नव्हती की माणूस जाऊ दिला नव्हता. म्हणजे आम्ही ज्याला दया शिकवायला गेलो, त्याने ती आधीच केली होती, आणि किंमतही मोजली होती!

वाल्मीकींनी शोक केला तो क्रौंच पक्षी म्हणजे सारसच, असे काही पंडित मानतात. असो. शोक ऋषींनी केला, पण इथे घरटे राखले ते शेतकऱ्याने.

कोणी म्हणेल, पाखरे शेतकऱ्याचे हितच करतात. तेही खरे. मुनिया आणि पोपट लोंब्या खातात, पण कोतवाल नि बगळे किडे टिपतात, उघड्या चोचीचा करकोचा गोगलगायी खातो, घुबड नि कापशी घार उंदीर मारतात. चीन देशात 1958 साली चिमण्या धान्य खातात म्हणून त्या मारण्याची मोहीमच निघाली. मग किडीला आवर घालणारे कोणी उरेना. शेवटी 1960 साली चिमणीचे नाव त्या यादीतून काढून तेथे ढेकणाचे घातले. परंतु तोवर व्हायचे नुकसान होऊन गेले होते.

तरी केवळ या हिशेबावर दया उभी करू नये. सारस किडे खातो तसे दाणे नि कंदही खातो. त्याचा जमाखर्च तोट्याचा निघाला तर काय, अंडी फोडायची? उपयोगापुरती दया म्हणजे व्यवहार झाला. व्यवहार वाईट नाही, पण त्याला धर्म म्हणू नये.

मग तोटा कोणी सोसावा? गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे. त्यातला बळी आपल्या अन्नातून काढायचा असतो, शेजाऱ्याच्या ताटातून नव्हे! इथेच आमचे चुकले होते. आम्ही बळी काढला तो दुसऱ्याच्या बांधीतून. भात तर आपण सगळेच जेवतो. पाखरांचा वाटा तेवढा एका गरिबाने द्यावा आणि बाकीच्यांनी नुसते धन्य म्हणावे, हा कुठला न्याय? घरटे ज्याच्या शेतात, त्याची तूट गावाने भरावी, सरकारने भरावी, भात खाणाऱ्याने भरावी. हे दान नव्हे, देणे आहे.

निघताना मोडलेल्या धानाचे पैसे आम्ही बिदागीतून पुढे केले. म्हातारा संकोचला, पण त्याने ते घेतले. घेतले म्हणून आम्हांला बरे वाटले.

आजही कीर्तनात आम्ही भूतदया सांगतो. मात्र सांगण्यापूर्वी मनाशी एकदा विचारतो, यात आपले काय गेले? वाचकांनीही दया करताना एवढे विचारावे, इतकेच मागणे.