पाहणे आणि मिळवणे

बालपणी सुटलेला छंद उतारवयात पुन्हा हाती धरावा की नाही, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु पन्नाशी उलटलेला गृहस्थ पहाटे झाडाकडे मान वर करून उभा राहिला, की घरच्यांस ते चमत्कारिक दिसते. "पाखरे पाहून मिळते काय?" असे आम्हांसही विचारले गेले. त्याचे उत्तर आम्हांस आमच्याच एका चुकीतून सापडले. म्हणूनच ते सभासद-कुटुंबांपुढे संकोचाने ठेवीत आहोत.

लहानपणी आम्हांस पक्ष्यांचे वेड होते. पण ते मिळवण्याचे वेड होते. खिशात बेचकी असे, चिंचेवरील घरटी आम्हांस पाठ असत, आणि ओसरीवरच्या पिंजऱ्यातला राघू 'आमचा' असे. पुढे शिक्षण, नोकरी, संसार यांच्या ओघात बेचकी हरपली, राघूही गेला. चाळीस वर्षांत कोकिळ गायला नाही असा एकही उन्हाळा गेला नसेल. आम्ही तो ऐकल्याचे मात्र आम्हांस स्मरत नाही.

डॉक्टरांनी सकाळी चालण्यास सांगितले, तेव्हा बडोद्याच्या कमाटीबागेत ही ओळख पुन्हा जुळली. तांबटाचे 'टुक टुक' रोज कानी येई, पण तो दिसेना. आठ दिवसांनी एका उंच शेंड्यावर तो चिमणीएवढा हिरवा पक्षी दिसला, तेव्हा झालेला आनंद बढतीच्या कोणत्याही हुकुमाने झाला नव्हता. हिवाळ्यात डभोईजवळच्या वढवाणा तलावावर गेलो. बडोदे संस्थानाने शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव २०२१ साली रामसर पाणथळांच्या यादीत आला. हिमालय ओलांडून येणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब तेथे पाहिले, आणि आम्ही एक वही घातली. पंचवीस जाती झाल्या, पन्नास झाल्या, ऐंशी झाल्या. पुढे पुढे पक्षी दिसला की आमची दृष्टी त्याच्यावर कमी आणि वहीवर अधिक ठरू लागली.

डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारण्यास ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि त्यांच्या आयुष्यास दिशा मिळाली. ही कथा वाचून आम्हांस वाटे, की मारण्याची हौस सोडून जाणण्याची ओढ लागली म्हणजे माणूस निर्दोष झाला. तसे नाही, हे पुढे कळले.

गेल्या वर्षी आमच्या दारच्या मधुमालतीत बुलबुलाने घरटे केले. तीन अंडी होती. गुलाबीसर, तांबड्या ठिपक्यांची. आम्ही रोज पाने बाजूला सारून ती पाहत असू. आल्यागेल्यास दाखवीत असू. नातवास उचलून धरीत असू. पाचव्या दिवशी सकाळी वेलातून एक कावळा उडाला, आणि घरटे रिकामे होते. पिले बाहेर येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. आम्ही त्या जोडप्यास आठवडाही दिला नाही. नातवाने विचारले, "आजोबा, आपण पाने बाजूला केली म्हणून का?" आम्ही म्हणालो, "कावळ्याचा स्वभावच तो." बोलणे खोटे नव्हते, पण प्रश्नाचे ते उत्तरही नव्हते. आठ दिवस ते आम्हांस बोचत राहिले. अखेर मुलास जवळ घेऊन सांगितले, की कावळा त्याच्या पोटासाठी आला. वाट बहुधा आम्हीच उघडी केली.

तेव्हा ध्यानात आले, की बेचकी टाकली तरी मुठीची सवय सुटली नव्हती. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंत कुरर नावाचा पक्षी आहे. त्याच्या चोचीत मांस असेतो इतर पक्षी त्यावर तुटून पडतात. ते टाकताच तो सुखी होतो. आमच्या चोचीत मांस नव्हते, वही होती. आणि 'आम्ही पाहिले' हे सांगण्याची हौस होती.

कोणी म्हणेल, जवळ गेल्यावाचून प्रेम कसे जडावे? शंका रास्त आहे. मुलांस दूरूनच पाहा म्हटले, तर कदाचित ती पाहणारच नाहीत. परंतु किती जवळ जावे, हे आपल्या हौसेने न ठरता पाखराच्या भयाने ठरले पाहिजे. त्याने मान ताठ केली, की आपले पाऊल थांबावे. हाच न्याय पिंजऱ्यासही लागतो. आपल्याकडील रानपोपट घरी कोंडणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तथापि वर्षानुवर्षे कोंडलेला पक्षी एकाएकी उडवून देणे हीही दया नव्हे. त्यास वनखात्याच्या हवाली करावे.

'मिळते काय?' या प्रश्नास आता आम्ही म्हणतो, की रिकाम्या हाताने आनंदात घरी परतण्याचा सराव मिळतो. या वयास तो उपयोगी आहे.

यंदा मधुमालतीत पुन्हा बुलबुल ये-जा करीत आहेत. आम्ही व नातू समोरच्या खिडकीतून पाहतो. अंडी किती, हे आम्हांस ठाऊक नाही. वहीतला तो रकाना कोरा ठेवला आहे.