वचनाची गोडी

वतनदार घराण्यांतून पूर्वी एक शिसवी पेटी असे आणि त्या पेटीत, तांबड्या फडक्यात गुंडाळलेली, पिढ्यान्‌पिढ्या जपलेली वतनाची सनद असे. तिच्यावर शिक्का कोणाचा, तिच्या आधारे हक्क कोणाचा चालतो आणि कोणाचा चालत नाही, याची खडान्‌खडा माहिती कर्त्या पुरुषास असे. परंतु तिच्यातला मजकूर, वाचण्याचे प्रयोजन न पडल्यामुळे, वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेखालून जात नसे. भाऊबंदकीचा तंटा कचेरीत गेला म्हणजे मात्र पेटी उघडे, सनद बाहेर येई आणि निकाल लागताच पुन्हा फडक्यात जाई. ख्रिस्ती घरांतून पवित्रशास्त्राचा जो मान राखला जातो, त्यात या सनदेच्या मानाचा अंश किती आणि प्रीतीचा अंश किती, हा प्रश्न उतारवयात मला फार छळू लागला आहे.

छळतो याचे कारण माझे बालपण त्या पेटीपाशीच गेले. आमच्या घरी रात्रीच्या जेवणापूर्वी कौटुंबिक प्रार्थना होई आणि तीत वडील एक अध्याय वाचीत. शब्बाथशाळेत सुवर्णवचन तोंडपाठ म्हणून दाखवावे लागे. शास्त्र जमिनीवर ठेवू नये, त्याच्यावर दुसरे पुस्तक ठेवू नये, हे शिष्टाचार तर मला अक्षरओळखीच्याही आधी ठाऊक झाले होते. एवढे असून त्या पुस्तकाची गोडी मला नव्हती. उपासनेत कोणी साक्ष द्यावयास उभा राहून वचनाच्या माधुर्याविषयी बोलू लागला, की मी मान खाली घालीत असे. ते माधुर्य मला लाभले नव्हते आणि लाभले नाही असे म्हणण्याची सोय नव्हती. शास्त्रावर प्रीती करावी असे आपण मुलांना सांगतो, तेव्हा ती प्रीती पहिल्याच दिवशी उपजावी असे गृहीत धरतो, आणि ज्याच्या अंतःकरणात ती उपजली नाही त्याच्यापुढे दोनच वाटा ठेवतो: माधुर्याची भाषा उसनी घ्यावी, किंवा निमूटपणे पेटी बंद करावी. तिसरी वाट आहे, असे मला फार उशिरा कळले, आणि ते पंडिता रमाबाईंनी आपल्या जीवनाची जी साक्ष लिहून ठेवली आहे तीतल्या एका लहानशा गोष्टीने कळले.

रमाबाई या ग्रंथाच्या मांडीवर वाढलेल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकरूढीस न जुमानता आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने पहाटे पाखरे जागी होण्याच्या वेळी झोपेने जड झालेल्या लेकीस उचलून, लाडीगोडीने जागी करून तिच्या मुखी श्लोक घातले. पुढे हे कुटुंब तीर्थाटन करीत, देवळाच्या आवारात नाहीतर नदीकाठी पुराणे वाचून निर्वाह करू लागले. ऐकणारे फुले, फळे, वस्त्रे, नाणी पुढे ठेवीत. वाचन संस्कृतात चाले, बहुतेकांस त्याचा अर्थ कळत नसे, आणि तो कळावा अशी अपेक्षाही नसे. कानावर शब्द पडले की पुण्य पदरी पडले, असा तो व्यवहार होता. १८७८ साली या तरुण विदुषीची कीर्ती कलकत्त्यास पोहोचली, तेथल्या पंडितांनी तिला सरस्वती ही पदवी दिली, आणि त्याच सुमारास काही ख्रिस्ती मंडळींनी तिच्या हाती संस्कृत बायबल ठेविले. तिने ते उघडून पाहिले. ज्या संस्कृतावर तिचा पिंड पोसला होता, त्याहून हे संस्कृत निराळे, शिकवण निराळी, सगळेच अनोळखी. हे वाचणे म्हणजे निव्वळ कालापव्यय, असे तिचे मत झाले. परंतु, त्या सांगतात, ते पुस्तक त्यांनी नंतर कधीही आपल्यापासून दूर केले नाही.

या एका वाक्यापाशी मी पुष्कळ दिवस थांबलो आहे. व्यर्थ वाटणारे पुस्तक एखादी बुद्धिमती स्त्री टाकून का देत नाही? अनंतशास्त्र्यांच्या घरात ग्रंथ ही वस्तू टाकावयाची नसते, हा संस्कार त्याच्या मुळाशी असेल. त्याहून खोल काही असेल, तर ते त्या व त्यांचा प्रभू जाणोत. मला एवढे दिसते, की आवड निर्माण होण्यापूर्वी सहवास होता. पुढे सिल्चर येथे, पतीच्या घरी, बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी पुस्तिका त्यांना पुस्तकांत सापडली, आणि ती मात्र त्यांनी आस्थेने वाचली. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि त्यानंतरही सुमारे आठ वर्षांनी त्यांना असे कळून आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही. म्हणजे कलकत्त्याच्या त्या दिवसापासून हिशेब मांडला, तर जवळजवळ तेरा वर्षे होतात. तेरा वर्षे ते पुस्तक या स्त्रीबरोबर राहिले आणि ही स्त्री त्या पुस्तकाबरोबर राहिली, आणि मग कोठे आनंदाचा उगम झाला. आणि आपण मात्र एका उपवासाच्या सप्ताहात मुलांच्या चेहऱ्यावर तो आनंद शोधू लागतो.

ऑगस्टीनची कथाही याच जातीची आहे. ऐन तारुण्यात सिसरोच्या ग्रंथाने त्याच्या मनात ज्ञानाची तहान पेटविली, ती घेऊन तो पवित्रशास्त्राकडे वळला आणि निराश होऊन परतला. सिसरोच्या भारदस्त भाषेपुढे हे लिखाण त्याला गावंढळ वाटले. त्या ग्रंथाचा दरवाजा ठेंगणा आहे आणि आत शिरावयाचे तर मान वाकवावी लागते, हे त्याला पुढे उमगले. पण मिलानच्या बागेत पौलाचे पत्र उघडून त्याने आपले आयुष्य बदलणाऱ्या त्या चार ओळी वाचल्या तो ३८६ सालचा दिवस उगवेपर्यंत मधे एक तपाहून अधिक काळ लोटला होता. विद्वत्ता ही शास्त्राच्या वाटेतली धोंड आहे, असे आमच्या मंडळ्यांतून कधीकधी सांगितले जाते, त्याचा मला विषाद वाटतो. ऑगस्टीनची विद्या वाया गेली नाही, रमाबाईंची तर नाहीच नाही. दोघांनाही फक्त वाचण्याची रीत नव्याने शिकावी लागली.

ती रीत कोणती, हे पहिल्या स्तोत्रातील एक इब्री शब्द सांगून जातो. धन्य पुरुष परमेश्वराच्या शास्त्राचे रात्रंदिवस मनन करितो, असे आपण म्हणतो. परंतु मनन म्हटले की डोळे मिटून स्वस्थ बसलेला माणूस आपल्यापुढे येतो, आणि मुळातल्या ‘हागा’ या क्रियापदात स्वस्थता नाही, ध्वनी आहे. तेच क्रियापद यशयाने भक्ष्यावर बसून गुरगुरणाऱ्या सिंहाविषयी वापरले आहे आणि घुमणाऱ्या पारव्याविषयीही वापरले आहे. म्हणजे तो धन्य पुरुष पुटपुटत असतो, गुणगुणत असतो, हाती लागलेला घास कोणी हिरावून नेऊ नये म्हणून गुरगुरतही असतो. प्रेषितांच्या कृत्यांत तो हबशी अधिकारी रथात बसून यशया वाचीत चालला होता आणि फिलिप्पाने ते ऐकले, ते यामुळेच ऐकू आले. माझी आजी प्रौढ वयात अक्षरे शिकली. ती ओळीवर बोट ठेवून, एकेक जोडाक्षर फोडून, मोठ्याने वाची, आणि शब्द पुरा झाला की तो पुन्हा एकदा सबंध म्हणे. आम्हा शाळकरी नातवंडांना तिच्या मंदगतीचा कंटाळा येई. आता वाटते, त्या घरात स्तोत्रकर्त्याच्या अर्थाने शास्त्र वाचणारी ती एकटीच होती.

मंद वाचनाने काय हाती लागते, याचे माझ्यापुरते एक उदाहरण देतो. मत्तयाचे शुभवर्तमान उघडले की पहिल्याच पानावर वंशावळ येते; अमक्यापासून तमका झाला, तमक्यापासून फलाणा झाला, कुळकर्ण्याच्या दप्तरात शोभावी अशी. कित्येक वर्षे मी ते पान ओलांडून सरळ बेथलेहेमास जात असे. एकदा आजारपणात, दुसरे काही करण्याची शक्ती नसल्यामुळे, ती नावे सावकाश ओठांवर घेतली, आणि अडखळलो. वंशावळ म्हणजे वारशाचा पुरावा, तीत पुरुषांचीच नावे असावयाची. येथे मधेच तामार आहे, राहाब आहे, रूथ आहे, आणि जिचे नावसुद्धा न घेता केवळ उरीयाची बायको म्हणून जिचा उल्लेख आहे ती आहे. सासऱ्याने न्याय नाकारलेली विधवा; यरीहोची वेश्या; मवाबातून आलेली परदेशी, तीही विधवाच; आणि राजाने जिचा पती मारविला ती स्त्री. सारा, रिबका, लेआ या मानाच्या माउल्या वगळून लेखकाने या चौघींना राजाच्या सनदेत लिहिले, आणि त्यानंतर पाचवी मरीया लिहिली, जिच्याविषयीही लोक कुजबुजले असतील. ज्या पानावर मला केवळ दप्तर दिसत होते, त्या पानावरच सगळे शुभवर्तमान बीजरूपाने होते. त्या रात्री मला प्रथमच त्या पुस्तकाविषयी जे वाटले, त्याला प्रीती म्हणावयास माझी हरकत नाही.

याचा अर्थ सगळी पाने अशी उलगडतात असे नव्हे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारात सुरू होऊन अंधाराच्याच शब्दावर संपते; ईयोबाचे मित्र निर्दोष शास्त्रार्थ बोलतात आणि शेवटी देव त्यांच्यावरच कोपतो; बाबेलच्या नदीकाठी रडणारे स्तोत्र ज्या क्रूर इच्छेवर येऊन थांबते, ती वाचताना आजही माझा आवाज बसतो. ही पाने गाळून उरलेल्यावर प्रीती करावी, हा मार्ग मला सोयीचा वाटतो, पण प्रामाणिक वाटत नाही. माणसावर प्रीती करताना त्याचे अर्धे बोलणे आपण कानाआड करीत नाही. डोळे मिटून पान उघडावे आणि बोट पडेल ते वचन आपल्या अडचणीवरचा हुकूम समजावा, किंवा दुसऱ्याचे तोंड बंद करण्यापुरते वचन पाठ असावे, या दोन्ही वहिवाटी पेटीतल्या सनदेच्याच. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याची इच्छा नाही.

रमाबाईंकडे परत येतो, कारण त्यांची प्रीती ज्या रूपाने प्रकट झाली, तिकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. मराठीत ख्रिस्ताची कथा त्यांच्या आधी येऊन गेली होती. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ ओव्यांत छापून प्रसिद्ध केले, बंगालातील श्रीरामपुरास विल्यम केरी यांच्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार निघाला, आणि त्यानंतर मुंबईस मिशनरी व शास्त्री यांनी मिळून भाषांतरे केली व पुनःपुन्हा तपासली. तरी केडगावच्या मुक्ती सदनात, दुष्काळांतून वाचवून आणलेल्या मुली आणि टाकलेल्या स्त्रिया यांच्यामध्ये बसून शास्त्र वाचताना, रमाबाईंना पदोपदी जाणवले, की या भाषांतरांतली पंडिती भाषा या लेकींच्या कानांवरून निसटून जाते. नदीकाठचे ते श्रोते त्यांना आठवले असतील काय? ज्यांना पुण्य मिळे पण अर्थ मिळत नसे, त्या श्रोत्यांसमोर ज्यांचे बालपण गेले, त्यांच्याइतके हे दुःख दुसऱ्या कोणास कळणार? संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या या बाईने ते प्रभुत्व बाजूस ठेविले, इब्री व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला, आणि मुळावरून सबंध पवित्रशास्त्र खेड्यातल्या बाईस समजेल अशा साध्या मराठीत आणण्यास आयुष्याची अखेरची वर्षे दिली. सदनाचा प्रपंच शेकडो माणसांचा. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा निवर्तली. तरी ते काम सुटले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. सबंध ग्रंथ १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला. बांधलेली प्रत त्यांनी पाहिली नाही.

त्या छापखान्यात काम करणाऱ्या सदनातल्याच मुली व स्त्रिया होत्या. जुळणीची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, की खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, आणि काना, मात्रा, वेलांटी यांचाही हिशेब ज्याचा त्याला ठेवावा लागतो. घाईने वाचणाऱ्याचे तेथे काम नाही. मत्तयाच्या पहिल्या अध्यायाची मुद्रणप्रत समोर ठेवून, खान्यांतून एकेक खिळा उचलून, कोणी केडगावकरीण तामार हे नाव जुळवीत असेल, मग राहाब, मग रूथ. आणि पुढची स्त्री कोण, हे कळण्यासाठी तिला हातातली ओळ पुरी होईपर्यंत थांबावे लागत असेल.