उत्तराची घाई नको

निवांत बसा, पाठ टेकली तरी चालेल. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात जन्मलेल्या तिघांनी सांगितलेल्या तीन गोष्टी आज सोबत घेऊ: एक कथा, एक चित्रपट आणि एक गाणं. तिन्हींत काहीतरी मुद्दामच सांगितलेलं नाही. ते हुडकून काढायची घाई करू नका.

पहिली कथा युडोरा वेल्टी यांची, ‘अ वोर्न पाथ’, १९४१ सालची. डिसेंबरची सकाळ, थंडीने गोठलेली जमीन. फिनिक्स जॅक्सन नावाची एक थकलेली कृष्णवर्णीय म्हातारी पाइनच्या रानातून नाचेझ गावाकडे निघाली आहे. डोक्याला लाल फडकं, हातात जुन्या छत्रीच्या दांडीची काठी. तिच्या चालीने चाला, पुढे जाऊ नका. काटेरी झुडपात तिचा झगा अडकतो. तो फाटू नये म्हणून ती सावकाश सोडवत राहते. इथे थोडं थांबा. तिची बोटं बघा. पुढे ओढ्यावर आडवा पडलेला ओंडका ती डोळे मिटून ओलांडते. गावात पोचल्यावर एका अनोळखी बाईला बुटाच्या नाड्या बांधून द्यायला सांगते, कारण रानात कसंही चालतं, मोठ्या इमारतीत जाताना नीटनेटकं असावं.

ती आली आहे नातवाच्या औषधासाठी. दवाखान्यात मात्र आपण कशाला आलो हेच ती क्षणभर विसरते, आणि नर्स अधीर होऊन विचारते, पोरगा गेला तर नाही ना?

वेल्टींना वाचकही पुढे वर्षानुवर्षं हेच विचारत राहिले. अखेर १९७४ साली त्यांनी त्यावर एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं साधं होतं: फिनिक्स जिवंत आहे, ती चालते आहे, आणि कथा त्या चालण्याची आहे. तुमच्याही मनात तो प्रश्न आला असेल, तर येऊ द्या. मग पुन्हा त्या काट्यांपाशी या.

आता एक दीर्घ श्वास घ्या आणि लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत चला. विक्सबर्गला जन्मलेले चार्ल्स बर्नेट लहानपणीच इकडे आले. विद्यापीठात शिकत असताना, तुटपुंज्या पैशांत, बहुतेक हौशी कलाकार घेऊन त्यांनी ‘किलर ऑफ शीप’ हा कृष्णधवल चित्रपट केला. यातला स्टॅन कत्तलखान्यात काम करतो आणि त्याला झोप लागत नाही. का, ते चित्रपट सांगत नाही. दाखवतो ते असं: स्टॅन आणि त्याचा मित्र गाडीचं जुनं इंजिन विकत घेतात, धापा टाकत जिन्यावरून खाली आणतात आणि ट्रकच्या अगदी कडेला ठेवतात. आणखी आत सरकवायची ताकद उरलेली नाही. ट्रक सुरू होताच इंजिन घरंगळून रस्त्यावर पडतं आणि निकामी होतं. ते तिथेच टाकून दोघे निघून जातात.

दुसऱ्या एका प्रसंगात नवरा-बायको खिडकीजवळ संथ नाचतात. डायना वॉशिंग्टनचं गाणं चालू असतं. गाणं संपतं, ती त्याला बिलगू पाहते आणि तो दूर होतो. चित्रपटातली अशी गाणीच त्याच्या आड आली. त्यांचे हक्क घ्यायला पैसे नव्हते, म्हणून १९७८ सालचा हा चित्रपट रीतसर प्रदर्शित व्हायला २००७ साल उजाडलं. स्टॅनला काय झालंय, हे ठरवायला जाऊ नका. त्याच्या बायकोचे रिकामे हात मात्र नजरेसमोर असू द्या.

शेवटी गाणं. बॉबी जेन्ट्री चिकासॉ काउंटीत आजी-आजोबांच्या शेतावर वाढली. १९६७ साली तिने ‘ओड टू बिली जो’ गायलं. गिटारचा ठेका, मागे व्हायोलिन-चेलो, आणि शेतावरून जेवायला घरी परतलेलं एक कुटुंब. एका तरुणाने टालाहाची पुलावरून जीव दिला, ही बातमी आई त्यांना जेवायला हाक मारतानाच सांगते. वडील शेरा मारून पुढचा पदार्थ मागतात. भाऊ जुन्या खोड्या आठवतो आणि ‘ॲपल पाय’चा आणखी एक तुकडा घेतो. एक मुलगी तेवढी काही खात नाही. आईला ते दिसतं, पण तिची तक्रार एवढीच, की सकाळभर राबून रांधलं आणि तू घासही घेत नाहीस. मग आई जाता जाता सांगते, त्या मुलाबरोबर तुझ्यासारखीच दिसणारी कोणी मुलगी पुलावरून काहीतरी खाली टाकत होती म्हणे.

साऱ्या अमेरिकेने विचारलं, काय टाकलं? जेन्ट्रीने ते कधीच उघड केलं नाही. तिचा रोख त्या जेवणाऱ्यांच्या बेफिकिरीकडे होता.

आता जरा स्वतःकडे बघा. पुलावरून काय पडलं, याची उत्सुकता वाटते तेव्हा आपणही त्या कुटुंबातलेच एक झालेलो असतो: बातमीत रस, मुलीकडे पाठ. नातू गेला का, असं विचारताना आपण त्या नर्सच्या जागी असतो. कथाकाराने माहिती हातची राखली, ती आपली नजर माणसाकडे वळावी म्हणून.

पुढच्या वेळी एखादी गोष्ट अशीच अर्धी उघडी राहिली, तर ‘नेमकं काय झालं?’ हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. त्याऐवजी विचारा: इथे कोणाचं दुःख कोणाच्याच लक्षात आलेलं नाही? पुष्कळदा त्याचं उत्तर गोष्टीतच समोर असतं.