गीता ६.३५ : गोंदूरच्या धावपट्टीवर



काल आपण सहाव्या अध्यायाचा ३४ वा श्लोक पाहिला. अर्जुन म्हणतो, हे मन फार चंचल आहे, दांडगं आहे, त्याला आवरणं म्हणजे वाऱ्याला मुठीत धरण्याइतकं कठीण. आज ३५ व्या श्लोकात भगवंत उत्तर देतात. मला या उत्तरातली सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की ते आधी अर्जुनाचं म्हणणं मान्य करतात. ‘एवढं काय त्यात’ असं म्हणत नाहीत. मन आवरायला कठीण आहे यात शंकाच नाही, पण अभ्यासाने आणि वैराग्याने ते हाती येतं, एवढंच सांगतात. पतंजलींनीही योगसूत्रांच्या पहिल्याच पादात हीच जोडी दिली आहे.

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर पहिल्यांदा गीता वाचली, तेव्हा मी या जोडीची सरळ वाटणी करून टाकली होती. अभ्यास आत्ता, वैराग्य साठीनंतर. नोकरी लागली, लग्न झालं, पुण्याला राहून परत जळगावला घरून काम सुरू झालं, तरी ती वाटणी तशीच होती. ती मोडली धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर, दोन सीटच्या एका सेसना १५२ मध्ये.

थोडं सविस्तर सांगतो, कारण विमान उतरवणं म्हणजे नक्की काय, हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गेलं वर्षभर मी शनिवार-रविवारी विमान चालवायला शिकतोय. लहानपणापासूनची हौस. जळगावहून पहाटे चारला गाडी काढायची, एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर धुळं गाठायचं. सकाळी लवकरच, कारण फाल्गुन लागला की आपल्या खान्देशात दहानंतर काळी रानं तापतात, गरम हवा वर उसळते आणि एवढंसं विमान बैलगाडीसारखं हादरायला लागतं. खासगी पायलटच्या परवान्याला किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. त्यात एकट्याने केलेलं उड्डाणही आलं, आणि एकट्याला सोडतात ते विमान नीट उतरवता यायला लागल्यावरच.

उड्डाण सोपं आहे, खरंच. वेग आला की विमान स्वतःच उठायला बघतं. उतरणं वेगळं. साधारण हजार फुटांवरून रनवेला समांतर जायचं, दोन वळणं घ्यायची आणि रनवेच्या रेषेत यायचं. या शेवटच्या टप्प्याला फायनल म्हणतात. तिथून साठ-पासष्ट नॉटचा वेग धरून खाली यायचं. जमीन दहा-पंधरा फुटांवर आली की खाली जाणं थांबवायचं, थ्रॉटल पूर्ण मागे घ्यायचा आणि नजर समोरच्या डांबरावर न ठेवता रनवेच्या पार दुसऱ्या टोकाला न्यायची. आता गंमत बघा. इथून पुढे तुमचं काम विमान टेकवायचं नसतंच. यॉक हळूहळू मागे ओढत त्याला टेकू न देण्याचं असतं. वेग संपत जातो, पंखांची उचल संपत जाते, स्टॉलचा भोंगा कुरकुरायला लागतो, आणि विमान आपणहून मागच्या दोन चाकांवर बसतं. पुढचं चाक सगळ्यात शेवटी.

माझं नेमकं इथेच अडलं होतं. चोवीस तास झाले तरी सोलो नाही. सोबतची एकोणीस-वीस वर्षांची पोरं एकेक करून एकटी उडून आली, पाणी ओतून घेऊन भिजली, फोटो काढले. आणि मी, ज्याच्या डोक्यावरचे केस पांढरे व्हायला लागलेत, अजून इन्स्ट्रक्टर मॅडमच्या शेजारी. मॅडम सव्वीस वर्षांच्या. (हसू नका. आपल्या मुक्ताईनगरकडची गोष्ट आठवा. चौदाशे वर्षांच्या चांगदेवांनी एवढ्याशा मुक्ताईला गुरू केलं होतं. चांगदेवांना ते जमलं, मला थोडा वेळ लागला.)

मग मी काय केलं? अभ्यास वाढवला. दुसरं काय सुचणार! एक्सेल शीट केली. प्रत्येक लँडिंगची नोंद : वारा कुठून, वेग किती, चूक काय. जपाच्या अ‍ॅपमध्ये माळा मोजाव्यात तशी लँडिंग मोजत गेलो. आकडा वाढला, शीट छान रंगीत झाली, आणि लँडिंग बिघडत गेलं.

त्यातच एका रविवारी अप्पा म्हणाले, मलाही बघायचं. अप्पा म्हणजे माझे वडील. आमचं गाव पारोळा तालुक्यातलं, कापूस आणि दादरचं रान. त्यांना घेऊन गेलो. ते कुंपणाबाहेर निंबाच्या सावलीत उभे राहिले, डोक्याला रुमाल बांधून.

तिसऱ्या फेरीला मी शेवटचं वळण घेतलं तेव्हाच मला कळलं होतं की मी उंच आहे आणि वेगही जास्त आहे. कळलं होतं, हे महत्त्वाचं. पण वळताना डाव्या खिडकीतून पांढरा रुमाल दिसला आणि मन म्हणालं, आता उतरवच. मी नाक खाली घातलं. उंची गेली, वेग अजून वाढला. रनवेवर आलो तर विमान टेकेचना, तरंगत राहिलं. अर्धी धावपट्टी मागे गेली. मी वैतागून ते खाली दाबलं. चाकं आपटली आणि विमान चेंडूसारखं वर आलं. अशा वेळी नाक अजिबात खाली ढकलायचं नसतं, हे मी पन्नास वेळा वाचलेलं. मी ढकललं. दुसरी उडी पहिलीपेक्षा मोठी. अशा दोन-तीन उड्या बसल्या की पुढचं चाक मोडतं, पंखा जमिनीला घासतो.

‘आय हॅव कंट्रोल.’

मॅडमचा आवाज चढला नव्हता. फुल थ्रॉटल, नाक जागेवर, फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर. आम्ही वर निघालो. माझे हात मांडीवर होते आणि थरथरत होते. लांब नकाणे तलाव चमकत होता. एवढ्या वेळात तो मी पाहिलाच नव्हता.

त्यांनी विमान उतरवलं. पुढचं चाक तपासायला घेतलं गेलं. नशिबाने सगळं धड निघालं. मॅडमनी मला बाजूला घेतलं आणि एकच विचारलं, ‘अप्रोच चुकलाय हे तुम्हाला कधी कळलं?’

‘शेवटच्या वळणावर.’

‘मग खाली का आलात?’

मंडळी, मला उत्तर देता आलं नाही. प्रश्न कौशल्याचा असता तर दिलं असतं. कौशल्य कमी होतं हे खरंच, पण तो अपघात होता होता वाचला तो कौशल्याच्या बाबतीत नव्हता. चुकलंय हे माहीत असून ते सोडता न येणं, हे त्याचं नाव. आणि हे मी ओळखत होतो. एकदा एका रिलीजच्या रात्री पहिल्या दहा मिनिटांत कळलं होतं की रोलबॅक करायला हवा. मी पहाटे चारपर्यंत पॅच मारत बसलो होतो, कारण ‘आता इतकं केलंय तर…’

मॅडम म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी लँडिंग करायचंच नाही. फक्त गो-अराउंड.’ म्हणजे खाली यायचं आणि न टेकता परत वर जायचं.

परतीच्या वाटेवर मी गप्प होतो. धुळं सोडताना इथल्या जेलचा विषय निघाला. तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल, विनोबांची ‘गीता प्रवचने’ याच धुळ्याच्या तुरुंगात झाली. १९३२ साली, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय, आणि समोर बसून लिहून घेणारे साने गुरुजी. हिशोब केला तर सहावा अध्याय २७ मार्चच्या रविवारी येतो. (त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी माझ्या डोक्यात आता कायमच्या शेजारी बसल्यात.) त्या सहाव्या अध्यायाच्या प्रवचनात विनोबा वैराग्याला शेतातलं गवत उपटण्याची उपमा देतात आणि अभ्यासाला बी पेरण्याची. हे अप्पांना सांगितलं. त्यांना विनोबा म्हणजे भूदानवाले एवढंच ठाऊक. ते म्हणाले, ‘मंग बरोबर शे. नुसतं पेरीसन काय व्हस? निंदनं पडस ना.’

नुसतं पेरून काय होतं, निंदणी करावी लागते. आणि निंदणी काय साठीनंतर करायची असते? पेरणी झाली की लगेच, पीक वितभर असताना, त्याच हंगामात. तणही हिरवंच असतं, नुकतं उगवलेलं पीक आणि तण लांबून सारखंच दिसतं. वाकून, एकेक हातात धरून उपटावं लागतं. माझी वाटणी तिथे पारोळ्याच्या अलीकडे, गाडीतच मोडली.

पुढच्या शनिवारी आम्ही आठ वेळा खाली आलो आणि आठही वेळा न टेकता वर गेलो. पहिल्या दोन-तीन अप्रोच वाईटच होत्या, त्या सोडताना काही वाटलं नाही. पाचवी सुंदर जमली होती. वेग बरोबर, उंची बरोबर, रनवे अगदी मधोमध. मनात आलं, ही तर माझी आजवरची सगळ्यात चांगली. पन्नास फुटांवर मॅडम म्हणाल्या, ‘सोडा.’ थ्रॉटल पुढे ढकलताना माझ्या तोंडून ‘अरे!’ निघालं. वाईट अप्रोच सोडणं म्हणजे नुसता शहाणपणा. त्या पाचव्या वेळी हातातून जे सुटलं, त्याच्या जवळपास कुठेतरी वैराग्य असावं असं मला वाटतं. छातीवर मोठा दावा करत नाही. पण त्या दिवसानंतर एक गोष्ट झाली. फायनलवर येताना माझी यॉकवरची मूठ सैल झाली. खाली उतरलंच पाहिजे असं काही राहिलं नाही, वर जाण्याची वाट शेवटच्या क्षणापर्यंत मोकळी होती, आणि मग नजर आपोआप रनवेच्या टोकाला जायला लागली. तोवर ती डांबराला चिकटून बसायची.

जपाचंही बघा. रोजची माळ हा अभ्यास झाला. पण ‘आज शंभरावा सलग दिवस’ हे मनात घोळायला लागलं, मध्ये आई हाक मारते आणि आपण हाताने खूण करतो, थांब म्हणून, तर ते तणच उगवलेलं असतं, अगदी पिकाच्या मुळाशी. तिथे माळ खाली ठेवून उठणं हीसुद्धा साधना होऊ शकते. मी एक्सेल शीट बंद केली आहे. अ‍ॅपमधला आकडाही लपवला आहे, अधूनमधून बघतो, खोटं कशाला बोलू.

या रविवारी अप्पा पुन्हा आले होते. पुन्हा निंबाखाली, पुन्हा रुमाल. सकाळीच आडवा वारा सुटलेला. पहिल्याच फेरीला शेवटी शेवटी एका झोताने विमान रनवेच्या कडेला सरकवलं. मी दुरुस्त करू शकलो असतो, बहुतेक. थ्रॉटल पुढे केला आणि वर गेलो. मॅडम काही बोलल्या नाहीत. पुढच्या फेरीला वाऱ्याकडचा पंख थोडा खाली धरून आलो. त्या बाजूचं चाक आधी टेकलं, मग दुसरं, मग कितीतरी वेळाने पुढचं. आवाजही झाला नाही फारसा.

बाहेर आलो तर अप्पा निंबाखाली नव्हते. गेटवरच्या वॉचमनशी कापसाच्या भावावर बोलत बसले होते. मला बघून म्हणाले, ‘का रे, खाले का बरं नही उतरना? घाबरी गया व्हता का?’

त्यांनी फक्त पहिली फेरी पाहिली होती.

‘हो अप्पा, जमत नव्हतं,’ म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

सोलो अजून बाकी आहे. उद्या ३६ वा श्लोक घेऊ. हाच विषय भगवंत तिथे पुढे नेतात.

राम कृष्ण हरी.